शून्यावर वाजव

—चालू आहेत की, दोन्ही चालू आहेत, लाव ना हात, चावत नाहीत. फक्त पाय आपटू नकोस. जुनी लाकडी जमीन आहे ही, कुणी धपकन चाललं की सुई उडते. तिकडे बस. हो, प्लास्टिकवरच. ते काढायचं नाही, मम्माचा हुकूम आहे. सोफा घेतला तेव्हा मी शाळेतसुद्धा जात नव्हतो, अजून कव्हर निघालेलं नाही. उन्हाळ्यात मांड्या चिकटायच्या आमच्या. विकतोय का म्हणतेस? फोनवर सांगितलं ना— नाही सांगितलं? पलंग येतोय. गुरुवारी. वरखाली होणारा, बटणाचा, दवाखान्यातल्यासारखा. मम्माला आता जिना चढवत नाही, मग पलंग ठेवायचा कुठे, तर इथे, या पुढच्या खोलीत. काचेचं कपाट हलवायला ती तयार नाही, सोफा तर नाहीच नाही. राहिलं काय? माझे डेक, ही रेकॉर्ड वाजवायची दोन यंत्रं. म्हटलं ठीक आहे. काही वाटलं नाही मला. मागे स्वयंपाकघरात बसलीय ती, हीटरला पाय लावून. बोल तू मोठ्याने, काही हरकत नाही, एका कानाने तिला ऐकूच येत नाही आणि दुसऱ्याने तिला हवं तेवढंच येतं.

तर— तुझा लॅपटॉप. बेथन ना तुझं नाव? बेथन, तुझा लॅपटॉप सगळं करतो, मला माहीत आहे. बटण दाबलं की दोन गाण्यांचा वेग जुळला. पडद्यावर लिहून येतं, हे गाणं या पट्टीतलं, ते त्या पट्टीतलं, यांचं जमेल, यांचं जमणार नाही. लग्न जमवणाऱ्या बाईसारखं. मग तुला हे दोन लोखंडी धोंडे कशाला हवेत? हाताने करायचंय? बरं, हाताने कर. हे घे, हेडफोन एकाच कानाला लाव, दुसरा कान खोलीकडे. या डेकवर जी चालू आहे ती मिनिटाला एकशे चौऱ्याहत्तर ठोके. घाबरू नकोस आकड्याला. ड्रम अँड बेसमध्ये, म्हणजे या नाचाच्या संगीतात, ढोल धावतो, पण खालचा बेस निम्म्या चालीने चालतो, सत्त्याऐंशीने, खिशात हात घालून. नाचणाऱ्याने बेस धरायचा असतो. जो ढोल धरायला जातो तो दहा मिनिटांत भिंतीला टेकतो. आता ही दुसरी रेकॉर्ड, स्टिकरवर बघ काय लिहिलंय— एकशे बहात्तर. दोनने मागे. तर हा वेगाचा स्लायडर, सरकव जरासा— एवढा नाही गं! केसाएवढा. हां. आता बोटाने रेकॉर्डची कड जरा पुढे ढकल. ऐकू आलं? आधी दोन ढोल, एकामागे एक घोडे पळतात तसे, आणि आता एकच. झालं. वेग जुळला. एवढंच आहे ते. मग सोळा मोजायचे, सोळाव्याला पहिल्याचा बेस उतरवायचा नि दुसऱ्याचा चढवायचा. दोन बेस एका वेळी ठेवायचे नाहीत, एका स्वयंपाकघरात दोन बायका—

असो. पुढचं अवघड आहे, आणि ते मला येत नाही. खरं सांगतो. वेग मला पोटात कळतो, झोपेतून उठवून विचार. पण पट्टी— गाणं कुठल्या सुरात बसलंय— ते मला कधीच ऐकू आलं नाही. त्यासाठी हे स्टिकर. बघ ना, प्रत्येकावर दोन ओळी. वरची माझी, वेग. खालची बारीक अक्षरातली, ए मायनर, डी मायनर, ती माझ्या बहिणीची. व्हेरोना. चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची, बाराव्या वर्षापासून. मी रेकॉर्ड लावायचो, ती इथेच, या सोफ्याच्या हातावर बसून बन आणि चीज खात ऐकायची, आणि तोंडात घास असताना सांगायची, जी मायनर. कसं कळतं गं तुला? तर म्हणे तुला लाल रंग कसा कळतो. तिने मला घड्याळ काढून दिलं होतं, भजनाच्या कागदामागे, बारा तासांचं, प्रत्येक तासावर एक पट्टी. म्हणाली, ग्लेन, आहेस तिथेच राहा किंवा शेजारच्या तासावर जा, एक पुढे नाहीतर एक मागे, आणि मग कुणाच्या कानाला खटकणार नाही. समोरच्या तासावर उडी मारलीस तर दोन बेस एकमेकांच्या उरावर बसतील. ए मायनरच्या शेजारी ई मायनर, ई मायनरच्या शेजारी बी मायनर. मी पाठ केलं. पाढ्यासारखं. अर्थ कळला नाही, पण तीन वर्षं या शहरात लोक म्हणायचे, ग्लेनरॉयचं मिक्सिंग लोण्यासारखं आहे. लोणी तिचं होतं. ते कुणाला माहीत नव्हतं, आणि मीही काही सांगत सुटलो नव्हतो.

काय? हो. बरोबर पाहिलंस. त्या खोक्यात एकच ओळ आहे. नुसता वेग.

त्या नंतरच्या. ही दोन खोकी शहाण्णव सालापर्यंतची, ती पाच त्यानंतरची. त्यानंतर तिने नाही लिहिलं. काम वाढलं असेल तिचं— नाही, काम नव्हतं वाढलं. मी कशाला खोटं बोलतोय तुझ्याशी? तू दाताच्या दवाखान्यात आहेस म्हणालीस ना, समोरच्या टेबलाला? मग तुला कळेल. ते इंजेक्शन देतात, गाल सुन्न होतो, आपलाच गाल असतो पण चिमटा काढला तरी शेजाऱ्याचा वाटतो. फेब्रुवारीपासून तसं आहे माझं. मी पाव पोचवायची गाडी चालवतो, पाव पोचवतो, मम्माला गोळ्या देतो, शनिवारी सूप करतो. सगळं होतं. फेब्रुवारीत व्हेरोना गेली. पोटात होतं तिच्या काहीतरी, कळेपर्यंत उशीर झाला. या घरात तीच राहायची मम्माजवळ, मी आत्ता आलो, हे डेक घेऊन. नको, सॉरी म्हणू नकोस, तू काय केलंस? ती रेकॉर्ड फिरू दे तशीच, बरं वाटतं.

शहाण्णवचं सांगतो. एक गाणं केलं होतं मी, एकच, आयुष्यात. ढोल मित्राच्या यंत्रावर, बेस माझा, आणि वर चार ओळी गायला व्हेरोना. मोठ्या मिनतवारीने आली. तिचा आवाज— खालचा होता. बाईच्या मानाने चांगलाच खालचा, आणि जरा जाड, गरम. चर्चमध्ये ती गायली की पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या डोळे मिटायच्या. मग बसने लंडनला गेलो आम्ही दोघं, प्लेट कापायला. प्लेट म्हणजे— छापायच्या आधीची एकुलती एक रेकॉर्ड, मऊ असते, वास येतो तिला, तीस-चाळीस वेळा वाजवली की झिजून खरखर उरते. पण आमच्या डीजे लोकांत सगळा मान त्या प्लेटलाच. जे दुसऱ्या कुणाकडे नाही ते माझ्या पिशवीत. व्हेरोना काचेमागे उभी राहून बघत होती, काळ्या चकतीवर आपला आवाज खोदला जातोय ते. परत येताना बसमध्येच तिने स्टिकर लावला. एकशे अठ्ठावन्न, ई मायनर. पहिल्यांदाच दोन्ही ओळी तिनेच लिहिल्या.

आता बघ, एकशे अठ्ठावन्न. तेव्हा तो वेग चालायचा, पण काही महिन्यांत सगळं धावायला लागलं. एकशे पासष्ट, एकशे सत्तर. लोकांचे पाय एकदा त्या वेगात गेले की मागे आणता येत नाहीत, खोली रिकामी होते. मग मी काय करणार? तेच, जे आत्ता तू केलंस. स्लायडर. पण तू केसाएवढा सरकवलास, मी तळापर्यंत ओढला. अधिक आठ. त्याच्या पुढे तो जातच नाही. आणि तुझ्या लॅपटॉपात वेग वाढवला तरी सूर जागचा हलत नाही, तसं इथे नाही गं. इथे चकती जोरात फिरते, म्हणजे सगळंच वर चढतं, ढोल, बेस, माणूस. आठ टक्के म्हणजे ई मायनर उरत नाही. एफसुद्धा नाही. दोन सुरांच्या मधे कुठेतरी, जिथे कुणी राहत नाही. मला ते ऐकू येत नव्हतं. मला ऐकू येत होतं की वेग जुळला.

मी वाजवायचो त्या क्लबात ती ऐकायला आली एकदा. एकदाच आली. चर्चचा सराव संपवून तशीच, पांढऱ्या ब्लाउजवर कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, आणि चहूकडे घामाने थबथबलेली पोरं. स्पीकरला टेकून उभी होती. मी मुद्दाम तिच्यासाठी लावली प्लेट. पोरं बेभान झाली, शिट्ट्या, ओरडा— पुन्हा लाव, पुन्हा लाव! मी पुन्हा लावली. तेव्हा ती माझ्यामागे येऊन म्हणाली, ग्लेन, हा माझा गळा नाही. ओरडून नाही, सांगतात तसं. म्हणाली, तू मला चिवचिव करायला लावलंस, शून्यावर वाजव. आणि बोटाने दाखवलं, इथे, हा हिरवा दिवा बघ, स्लायडर मधोमध शून्यावर आला की हा लागतो. मी म्हटलं, शून्यावर वाजवलं तर लोक घरी जातील. ती म्हणाली, मग दुसरी कुणाची वाजव. आणि मी— आजूबाजूला माझी माणसं होती ना, सगळे बघत होते. मी म्हटलं, तुला चर्चमध्ये कुणी डोळे मिटून ऐकतं ते पुरे नाही का? इथे तुला ओळखतं कोण? सूर गेला खड्ड्यात. ते ढोल ऐकायला आलेत, तुला नाही.

एवढंच. काही मोठं भांडण नाही. ताटं फेकली नाहीत कुणी. ती पुढच्या रविवारी जेवायला होती, भात वाढला मला. फक्त सोफ्याच्या हातावर बसली नाही. मी रेकॉर्ड लावली, विचारलं, ही कुठली गं? ती म्हणाली, ढोल आहे की त्यात, चालेल. झालं. त्यानंतर एक ओळ. ही पाच खोकी. लोकांना काही कळणार नाही असं मला वाटलं होतं. लोकांना त्याला नाव देता येत नाही, पण कळतं. दोन वर्षांत बोलावणं कमी झालं, मग थांबलं. वेग मात्र माझा कधी चुकला नाही.

—आवाज आला का आतून? नाही. झोपली असेल. बघू नकोस, असू दे.

तर, फेब्रुवारीत पास्टर म्हणाले, बहिणीचा आवाज आहे का कुठे, प्रार्थनेआधी लावू. इतकी वर्षं गायली आणि चर्चमध्ये कुणी कधी टेप केली नाही, रोजचं माणूस कोण टेप करतं? माझ्याकडे सीडी होती. प्लेट झिजत चालली तेव्हा मीच केली होती उतरवून, इथेच बसून. प्लेट पुढे कुठे गेली देव जाणे. मी सीडी दिली. ढोल सुरू व्हायच्या आधीचा तुकडा, नुसता आवाज आहे तिथपर्यंत. चर्च भरलेलं. काळ्या टोप्या, जाळ्या. सीडी सुरू झाली. आणि मम्मा, शहाऐंशी वर्षांची माझी आई, पहिल्या बाकावर, मोठ्याने, तिला वाटतं ती हळू बोलतेय, म्हणाली, ग्लेनरॉय, ही कुणाची पोर गातेय? गोड आहे. व्हेरोनाचं कधी लावणार?

समजलं ना तुला? मी सीडी केली तेव्हा स्लायडर तिथेच होता. खाली. अधिक आठवर. तो नेहमी तिथेच असायचा, मी बघितलंच नाही. हिरवा दिवा बंद होता आणि मी बघितलं नाही. पोटच्या पोरीला ओळखलं नाही तिने. मी वाकून तिच्या चांगल्या कानात म्हटलं, मम्मा, हीच ती. तर तिने माझ्याकडे असं बघितलं, चहा सांडल्यावर बघते तसं. आणि म्हणाली, माझी मुलगी मला माहीत आहे.

रडलो? नाही. मला काही वाटलंच नाही. दफनाला गेलो. आमच्या चर्चच्या लोकांत यंत्र नाही लावत, खड्डा आपणच भरतो, पुरुष फावडी घेतात, कोट काढून, बायका कडेला उभ्या राहून गातात भरेपर्यंत. पाऊण तास लागतो. माझ्यासमोर मामा होता, अंकल सिल्बर्ट, पंचाहत्तरीचा, त्याचं फावडं हळू, माझं जलद. त्याचं पडायचं आणि माझं त्याच्या जरा आधी. धप, धप-धप, धप. आणि मी काय करतोय? मी जुळवतोय. बहिणीवर माती लोटतोय आणि माझं डोकं मोजतंय, मामा दोनने मागे आहे, मला हळू व्हायला हवं. झालो हळू. जुळलं. एकच फावडं ऐकू यायला लागलं. मला बरंसुद्धा वाटलं क्षणभर. सांग आता, असल्या माणसाला काय म्हणशील?

हो, करेल की. तुझा लॅपटॉप करेल खाली सूर, दोन मिनिटांत, अंकल सिल्बर्टचा नातूही तेच म्हणाला. पण सीडी पास्टरकडे राहिली, आणि ती मागायला मी कुठल्या तोंडाने जाऊ? आणि खरं सांगू, त्याची आता गरजही नाही. कारण— नाही, जाऊ दे. तू डेकसाठी आलीस. स्पीकरच्या पेट्याही ने, तारा ने, सुया दोन नवीन आहेत—

ते नाही. ते ठेव! ते विकायचं नाही. ते खोक्यात नव्हतंच, तिथे उशीच्या अभ्र्यात— बरं, काढलंसच आहेस तर कडेने धर. बोटं मधे लावू नकोस. मऊ असतं.

परवा सापडलं. तिची खोली आवरत होतो, चर्चच्या बायका कपडे न्यायला येणार होत्या. भजनांच्या पुस्तकांचा खण, सगळ्यात खाली. ती प्लेट मी टाकून दिली असणार कधीतरी, आणि तिने उचलून ठेवली. तिच्याकडे वाजवायला काही नव्हतं गं, तिला वाजवता येणारच नव्हती. नुसती ठेवली. अभ्रा धुतलेला, इस्त्री केलेला. वाच स्टिकर. एकशे अठ्ठावन्न, ई मायनर, ती निळी शाई जुनी. त्याच्या खाली काळ्या पेनाने आहे ते नंतरचं. अक्षर जरा हललंय बघ, आजारातलं असेल. वाच. मोठ्याने नको. हो. तेच. 'ग्लेन, शून्यावर वाजव.'

दोन दिवस झाले. नाही वाजवली. किती उरलीय त्यात कोण जाणे, एकदा वाजेल, दोनदा वाजेल, नाहीतर नुसती खरखर येईल. आणि गुरुवारी पलंग येतोय. आज तू डेक नेलेस की प्रश्न मिटला, मग कशावर वाजवणार? बरं होतं तेच. मला वाटतं मी म्हणूनच जाहिरात दिली. पलंग काय, जरा तिरका लावला असता तर बसला असता. मोजलंय मी.

...आणू नकोस ती इकडे. बेथन. अगं— तू दाताच्या दवाखान्यातली बाई, तुला कशाला— बरं. बरं. ठेव. कड सांभाळून, भोकात बसव. बसली. थांब, सुई मी नाही ठेवणार. हा हात बघ, मी नुसता उभा राहिलो तरी स्लायडरकडे जातो, तीस वर्षांची खोड आहे. तू ठेव. मी हात काखेत घेतो. हिरवा दिवा लागलाय का बघ. लागलाय? नक्की? हेडफोन काढ, नको ते. पेटीवर लाव आवाज, हळू, मम्मा झोपलीय. कडेला ठेव सुई. आत नको, अगदी कडेला.

खरखर. बघ, म्हटलं होतं ना. खरखरच उरलीय. चल, उचल सुई, उगाच—

—

हा तिचा. हाच. अरे देवा, किती खाली आहे. मी विसरलोच होतो. मला वाटायचं मला आठवतोय, आणि मला तो दुसराच आठवत होता, मी केलेला—

श्श. आतून बोलली. ऐकलंस तू? काय म्हणाली ती? 'व्हेरोना, मागची खिडकी लाव गं, गार वारा येतोय.' असंच म्हणाली ना? झोपेत आहे. अर्ध्या झोपेत. हो मम्मा! लावतो! खिडकी लावतो मम्मा, तू बस.

इंजेक्शन उतरायला लागलं की दुखतं म्हणतात ना तुमच्या दवाखान्यात. दुखतंय.

नाही, पाणी नको. तू जा आता. डेक नाही, आज नाही, पलंग तिरका लावीन. जा गं बाई, कोट घे तुझा. दार हळू ओढ. आणि पाय न आपटता जा, सुई उडेल.